दिल्लीतला नवा किल्ला... आवाजाचा!

लाल किल्ला, कुतुबमिनार आणि चांदनी चौक झाला की आपली दिल्ली संपते. पण याच शहरात काही माणसं एक वेगळाच किल्ला लढवताहेत. त्यांच्या संगीताला ना गाणं, ना गायक, ना मोठा श्रोतृवर्ग. तरीही हा खटाटोप कशासाठी? दिल्ली, नॉयडा आणि खिडकी गावातून कानांनी केलेली ही सफर.

दिल्लीला निघालेल्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम गेली कित्येक वर्षं बदललेला नाही. पहिल्या दिवशी लाल किल्ला, जामा मशीद आणि चांदनी चौकात पराठे. दुसऱ्या दिवशी कुतुबमिनार, राजघाट, इंडिया गेट. तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे आग्र्याची बस. लाल किल्ल्यात शिरलं की घरातलं कुणी तरी जाणतं माणूस मुलांना सांगणार, 'अरे, १७६० साली सदाशिवरावभाऊंनी हा किल्ला घेतला होता बरं का!' मुलं मान डोलावणार आणि सगळी वरात लस्सीच्या दुकानाकडे वळणार.

तशी दिल्ली म्हणजे किल्ल्यांचंच शहर. सिरी, तुघलकाबाद, फिरोजशाह कोटला, पुराना किला, लाल किला... जो आला त्यानं आपला किल्ला बांधला. २०१०च्या दशकाच्या सुरुवातीला या यादीत आणखी एक नाव जमा झालं- 'किला रेकॉर्ड्स'. या किल्ल्याला तट नाहीत, बुरूज नाहीत आणि दारावर तिकीट फाडणारा शिपाईही नाही. हे आहे एक छोटं, स्वतंत्र म्युझिक लेबल. ते सुरू करणारा संगीतकार म्हणजे माधव शौरी. मंचावर तो 'कोहरा' या नावानं ओळखला जातो. कोहरा म्हणजे धुकं. जानेवारीत दिल्लीत उतरलेल्या आणि विमान सहा तास उशिरा सुटेल असं ऐकून कपाळावर हात मारलेल्या कुणालाही या नावाचा अर्थ समजावून सांगायला नको!

आता 'लेबल' म्हणजे नेमकं काय? आपल्या आजोबांच्या काळातली तबकडी आठवा. तिच्या मधोमध एक गोल कागद चिकटवलेला असे. भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र दिसलं की एचएमव्ही. १९३०च्या दशकात मुंबईत निघालेल्या स्वदेशी कंपनीची तबकडी असेल तर 'यंग इंडिया'. तो कागद म्हणजे लेबल. पुढं कागद गेला, तबकडी गेली, पण शब्द राहिला. संगीत निवडायचं, ते नीट मुद्रित करून घ्यायचं, त्याला नाव-गाव-चेहरा द्यायचा आणि लोकांपर्यंत पोचवायचं, हे काम करणारी संस्था म्हणजे लेबल. पुस्तकाला प्रकाशक असतो, तसं.

आवाजाची 'छबिलदास'

कोहरा आणि त्याच्यासारख्या मंडळींचं संगीत इलेक्ट्रॉनिक आहे. म्हणजे तारेतून, कातड्यातून किंवा बासरीच्या पोकळीतून आवाज निघत नाही. तो विजेच्या प्रवाहातून घडवला जातो. सिंथेसायझर नावाच्या यंत्रात विजेची एक लहर तयार होते. ती भरभर कापली की सूर चढतो, सावकाश कापली की उतरतो. तिच्यावर गाळण्या लावून आवाज जाड, पातळ, ओला, कोरडा करता येतो. मग हा आवाज स्पीकरमधून आपल्या कानावर येतो. आता हे सगळं एका लॅपटॉपमध्येही होतं.

ऐकायला हे फारच परकं वाटतं ना? पण जरा घरातच डोकावून पाहा. गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलीच्या पिशवीत तानपुऱ्याची पेटी असते. बटण दाबलं की 'सा-प' सुरू. तेही इलेक्ट्रॉनिकच वाद्य! आणि आपण जिला अस्सल मानतो ती बाजाची पेटी, हार्मोनियम, तीसुद्धा युरोपातूनच आलेली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या बोटांनी तिला मराठी केलं. तरीही १९४० साली आकाशवाणीनं तिला परकी म्हणून दाराबाहेर उभं केलं. १९७१ पर्यंत ती बंदी पुरती हटली नव्हती. तेव्हा एखादं वाद्य आपलं की परकं याचा निकाल एका दिवसात लागत नाही.

इलेक्ट्रॉनिक संगीतातही दोन तऱ्हा आहेत. एक, लग्नाच्या वरातीत आणि हॉटेलांच्या पार्ट्यांमध्ये वाजणारं, धाडधाड ठोक्याचं. ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरी तऱ्हा प्रायोगिक. तिथं कधी ताल असतो, कधी नसतो. कुणी मेट्रोच्या दरवाजाचा, पावसाचा, कुकरच्या शिट्टीचा आवाज मुद्रित करून तो ताणतो, उलटा करतो, त्यातून नवंच काही उभं करतो. कुणी एकच सूर दहा मिनिटं हळूहळू रंग बदलत ठेवतो.

मराठी वाचकाला हे समजायला खरं तर सोपं आहे. आपल्याकडे व्यावसायिक रंगभूमी आहे आणि प्रायोगिकही आहे. १९७०च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये जी नाटकं झाली, त्यांना हाऊसफुल्लचे बोर्ड कितीसे लागले? पण तिथं जे घडलं त्याशिवाय पुढच्या मराठी नाटकाचा आणि सिनेमाचा इतिहास लिहिता येत नाही. दिल्लीतली ही छोटी लेबलं म्हणजे आवाजाची 'छबिलदास' आहेत. किला रेकॉर्ड्सचा मूळ पिंड टेक्नोचा, म्हणजे नाचाच्या ठोक्याचा. पण २०२० साली त्यावर आलेला कोहराचा 'आखो' हा अल्बम नाचण्यापेक्षा बसून ऐकण्याकडे झुकणारा होता. धंद्याचा विचार करणाऱ्यानं असला उद्योग केला नसता.

आधी हत्ती पाहू!

हा उद्योग किती अवघड आहे ते समजायला आधी नॉयडाला जायला हवं. मेट्रोची निळी लाइन पकडा आणि यमुना ओलांडून सेक्टर १६च्या स्टेशनवर उतरा. इथून जवळच फिल्म सिटी आहे. मुंबईच्या फिल्म सिटीसारखे डोंगर-तळी इथं शोधू नका. इथं आहेत काचेच्या इमारती, वृत्तवाहिन्यांच्या छत्र्या आणि चहाच्या टपऱ्या. याच वस्तीत एक नाव मोठ्या दिमाखात उभं आहे... टी-सीरिज.

या नावाची कथा दिल्लीच्याच दर्यागंजमध्ये सुरू झाली. तिथल्या फळांच्या रसाच्या दुकानात वडिलांना हातभार लावणाऱ्या गुलशन कुमार यांनी पुढं कॅसेटच्या धंद्यात उडी घेतली. १९८३ मध्ये कंपनी उभी राहिली. तेव्हा गाण्यांच्या बाजारावर एचएमव्हीचं राज्य होतं आणि तिचा माल महाग होता. गुलशन कुमारांनी कॅसेटचे भाव पाडले. जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतली. कॉपीराइटच्या कायद्यातल्या फटीमुळे ते जमून गेलं. माल विकायला म्युझिकची दुकानंच हवीत असंही नाही. पानवाला, किराणावाला, कुणीही कॅसेट विकू लागला. भजनं, आरत्या, भोजपुरी-पंजाबी-गढवाली लोकगीतं, सगळं घराघरात पोचलं. आपल्या अनुराधा पौडवाल या कंपनीचा प्रमुख आवाज झाल्या. १९९० मध्ये 'आशिकी'नं तर कहरच केला! ऑगस्ट १९९७ मध्ये मुंबईत गुलशन कुमारांची हत्या झाली, तरी कंपनीची घोडदौड थांबली नाही. २०१९ साली यूट्यूबवर दहा कोटी सदस्य मिळवणारं जगातलं पहिलं चॅनल ठरलं ते हेच.

गुलशन कुमारांनी जे केलं त्याचं मोल कमी नाही. ज्या भाषांकडे मोठ्या कंपन्या ढुंकून पाहत नव्हत्या, त्यांना कॅसेट मिळाली. पण या गणितात एक अट होती. माल खपला पाहिजे! ज्याला गिऱ्हाईकच नाही अशा संगीताला या हत्तीच्या पाठीवर जागा नव्हती, आणि असण्याचं कारणही नव्हतं.

मग त्या संगीतानं जायचं कुठं? चला, पुन्हा मेट्रोत बसू.

शेताघरांतून खिडकीकडे

नॉयडाच्या बोटॅनिकल गार्डन स्टेशनवर गाडी बदलायची. २०१८ मध्ये पूर्ण झालेली किरमिजी रंगाची मॅजेंटा लाइन थेट दक्षिण दिल्लीत हौज खासला आणून सोडते. वर येऊन रिक्षा केली की हौज खास गाव. अल्लाउद्दीन खिलजीनं खोदलेला तलाव, त्याच्या काठी फिरोजशाह तुघलकाचा मदरसा आणि त्याची कबर. मदरशाच्या दगडी सज्जांमध्ये कॉलेजची मुलं-मुली गप्पा मारत बसलेली असतात. मागच्या गल्ल्यांमध्ये बुटिक आणि कॅफे एकमेकांना खेटून उभे. २०१०च्या दशकात या भागातल्या आणि आसपासच्या बाजारातल्या छोट्या-छोट्या जागांमध्ये दिल्लीचं नवं संगीत वाढलं.

त्याची बीजं मात्र आणखी दक्षिणेला, शहराच्या वेशीवरच्या फार्महाऊसमध्ये पडली होती. १९९७च्या सुमारास गौरव रैना आणि तपन राज या दोन दिल्लीकर तरुणांनी 'मिडिवल पंडित्झ' नावानं जोडी जमवली. 'सायबर मेहफिल' नावाच्या त्यांच्या रात्री गाजल्या. सारंगी, तबला आणि संगणक यांची त्यांनी मोट बांधली. २००१च्या 'मॉन्सून वेडिंग' चित्रपटात त्यांचं संगीत आलं. २००२ मध्ये त्यांचा पहिला अल्बम निघाला. पण कुणी काढला? सॅन फ्रान्सिस्कोच्या 'सिक्स डिग्रीज' या लेबलनं! दिल्लीत बनलेलं संगीत छापायला अमेरिकेचा प्रकाशक लागला. घरची कैरी आणि मुरांबा परदेशातून मागवायचा, तशातली गत! इथल्या पोरांनी पुढं आपलीच लेबलं काढायचं मनावर घेतलं, त्यामागचं एक कारण हेही.

हौज खासहून यलो लाइनचं पुढचंच स्टेशन मालवीय नगर. तिथून थोडं अंतर कापलं की खिडकी गाव येतं. नाव ऐकून हसू येतं, पण ते पडलंय इथल्या मशिदीवरून. तुघलकांचा वजीर जुनान शाह यानं चौदाव्या शतकात बांधलेल्या या मशिदीला दगडी जाळ्यांच्या खिडक्या आहेत. एका बाजूला साकेतचे झगमगते मॉल आणि रस्ता ओलांडला की खिडकी एक्स्टेंशनच्या अरुंद गल्ल्या. डोक्यावर विजेच्या तारांची जाळी. खाली बिहारी मजूर, अफगाण निर्वासित, आफ्रिकेतून आलेले विद्यार्थी. एका गल्लीतून दुसरीत गेलं की भाषा बदलते, फोडणीचा वास बदलतो आणि दुकानातून ऐकू येणारं गाणंही!

याच गल्ल्यांमध्ये 'खोज' ही कलावंतांची संस्था आहे. १९९७ साली दिल्लीजवळच्या मोदीनगरमध्ये एका कार्यशाळेतून ती सुरू झाली आणि पुढं खिडकीत स्थिरावली. चित्र-शिल्पाबरोबर ध्वनी हेही कलेचं माध्यम आहे, हे इथं लवकर ओळखलं गेलं. आवाजावर काम करणाऱ्या कलावंतांना इथं राहायला, प्रयोग करायला जागा मिळाली. गल्लीतला कोलाहल हाच कच्चा माल!

दिल्लीतच राणा घोष यांनी 'रीप्रोड्यूस' हा उपक्रम चालवला. त्यांच्या 'लिसनिंग रूम'ची कल्पना आपल्या खासगी मैफलीच्या जवळची आहे. बार नको, नाच नको. कुणाचं घर, कुठली गॅलरी, एखादा स्टुडिओ, मिळेल ती जागा घ्यायची. श्रोत्यांनी बसून ऐकायचं. एका संध्याकाळी अनेक कलावंत आणि प्रत्येकाला थोडाच वेळ. जे वाजलं त्याचं चित्रीकरण करून ठेवायचं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आपल्याला पुढं ते लागणार आहे.

२०१७ मध्ये दिल्लीहून 'बॉक्सआऊट एफएम' नावाचं इंटरनेट रेडिओ केंद्र सुरू झालं. ते उभं करणाऱ्यांत पुढं होता मोहम्मद अबूद, मूळचा इराकी आणि मनानं दिल्लीकर. नावात एफएम असलं तरी ते एफएमवर नव्हतं. कारण उघड आहे. एफएमच्या लहरींचा सरकार लिलाव करतं आणि त्या बोलीत कोट्यवधींचे आकडे लागतात. इंटरनेटवर अशी बोली नाही. एखादा तास कुणाला फक्त पाण्याचे आवाज ऐकवायचे असतील, तर इथं ऐकवता येत.

कपाटात झोपलेला खजिना

आता मूळ प्रश्न. ज्या संगीताला शे-दोनशे श्रोते, त्यासाठी एवढी यातायात कशाला? वाजवलं, ऐकलं, घरी गेले. लेबलचा संसार कशाला थाटायचा?

याचं उत्तर दोन गोष्टींत आहे. पहिली सुरू होते मुंबईत.

चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले जाणते वादक. १९८२ साली त्यांनी एक अजब गोष्ट केली. जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं, एक सिंथेसायझर, एक बासच्या सुरांचं आणि एक तालाचं, एकमेकांना जोडली. त्यांवर डिस्कोच्या ठेक्यात भैरवी, यमन, मालकंस, मेघमल्हार असे दहा राग वाजवले. एचएमव्हीनं तबकडी काढली आणि ती साफ पडली! रागवाल्यांना डिस्को नको होता, डिस्कोवाल्यांना राग. तबकडी विस्मृतीत गेली.

वीस वर्षांनी, २००२ मध्ये, जुन्या भारतीय तबकड्यांच्या मागावर असलेला एडो बाऊमन नावाचा डच संग्राहक दिल्लीत आला. एका दुकानात त्याला ही तबकडी मिळाली. वाजवून पाहिली आणि तो चाट पडला. १९८७ साली शिकागोत जन्मलं असं जग मानत होतं, त्या 'ॲसिड हाऊस' संगीताचा आवाज, तीच कंपनी, तेच यंत्र, पण पाच वर्षं आधी आणि मुंबईत! २०१० मध्ये त्यानं स्वतःच्या छोट्या लेबलवर ही तबकडी पुन्हा काढली. मग काय विचारता! सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपातल्या मंचांवर त्याच यंत्रांसह उभे राहिले आणि नातवंडांच्या वयाची पोरं त्यांच्यासमोर नाचली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत ते गेले. पण निदान आपलं कौतुक आपल्या कानांनी ऐकून गेले.

दुसरी गोष्ट अहमदाबादची. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ साली एक इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकेहून मूग कंपनीचं सिंथेसायझर आलं आणि ते बसवून द्यायला डेव्हिड ट्यूडर हा संगीतकार आला. हा ट्यूडर म्हणजे तोच, ज्यानं १९५२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकमध्ये पियानोसमोर बसून चार मिनिटं तेहतीस सेकंद एकही सूर वाजवला नव्हता! ती रचना होती जॉन केजची. आणि त्या केजला १९४६ मध्ये भारतीय संगीताचे धडे दिले होते अहमदाबादच्याच गीता साराभाईंनी. जग केवढं लहान आहे पाहा.

गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा... या भारतीयांनी त्या स्टुडिओत काम केलं, टेपा भरल्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्टुडिओ बंद पडला. टेपा कपाटात गेल्या. ना तबकडी निघाली, ना कॅसेट. 'भारतात तेव्हा असं संगीत नव्हतंच' असं लोक बिनधास्त म्हणत राहिले. अखेर २०१७ मध्ये ब्रिटनच्या पॉल पर्गस या संगीतकारानं संस्थेच्या संग्रहात या टेपा शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक रचना लंडनच्या एका स्वतंत्र लेबलनं प्रसिद्ध केल्या. मधे अर्धं शतक गेलं होतं!

दोन्ही गोष्टींत फरक एवढाच. चरणजित सिंगांच्या संगीतावर एका लेबलचा कागद होता. म्हणून ते दुकानाच्या धुळीत का होईना, उरलं आणि कुणाच्या तरी हाती लागलं. अहमदाबादच्या टेपांना तोही आधार नव्हता. नशिबानं कपाट शाबूत राहिलं, एवढंच. वाळवी लागली असती, कुणी साफसफाईत त्या रद्दीत दिल्या असत्या, तर आपल्याला पत्ताही लागला नसता. आणि दोन्ही वेळा आपला ठेवा शोधून द्यायला माणूस बाहेरून आला.

छोटं लेबल असतं ते यासाठी. खप हा त्याचा एक भाग. पण खरं काम नोंदीचं. कुणी, कधी, काय वाजवलं, हे तारखेनिशी, नावानिशी जगात ठेवून देणं.

कुणी काय ऐकावं?

काय टिकावं आणि काय नको, हे आपल्याकडे दिल्लीत बसून ठरवण्याची मोठी परंपरा आहे. त्यात एक मराठी नावही आहे. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांनी आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला कात्री लावली. हेतू चांगला होता. त्यांच्या काळात शास्त्रीय कलावंतांना रेडिओचा भक्कम आधार मिळाला. पण लोकांनी सुई सरळ रेडिओ सिलोनकडे फिरवली! शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

म्हणजे मंत्र्याला ठरवता आलं नाही. मग बाजारानं ठरवलं आणि जे खपत नाही ते उरलं नाही. आता काम आलंय संगणकाकडे. कुठलं गाणं तुमच्या मोबाईलवर पुढं येणार ते तो ठरवतो. २०१९ मध्ये भारतात आलेल्या स्पॉटिफाय या कंपनीनं २०२४ पासून नियमच केला, की वर्षभरात एक हजार वेळासुद्धा न वाजलेल्या गाण्याला दमडीही मिळणार नाही. हजार हा आकडा सिनेगीताला काहीच नाही. पण खिडकीतल्या एखाद्या कलावंतासाठी तो डोंगर असतो.

छोट्या लेबलांचा आधार वेगळा आहे. २००८ साली अमेरिकेत सुरू झालेलं 'बँडकॅम्प' हे इंटरनेटवरचं दुकान घ्या. इथं श्रोता अल्बम थेट विकत घेतो. शंभर रुपयांच्या विक्रीत दुकानाचे साधारण पंधरा रुपये, वर पैसे पोचवण्याचा खर्च, बाकी लेबलचे आणि कलावंताचे. पन्नास माणसांनी विकत घेतलं तरी हाती काही लागतं, आणि ती पन्नास माणसं पुण्यात असोत की पोलंडमध्ये, फरक पडत नाही.

पोट भरतं का?

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ओठांवर आलेला प्रश्न आम्हाला ऐकू येतोय. 'ते सगळं ठीक, पण यातून पोट भरतं का?'

खरं सांगायचं तर, बहुतेकांचं नाही. एकट्या प्रायोगिक संगीतावर दिल्लीत घरभाडं निघत नाही. ही मंडळी जाहिरातींना आवाज देतात, क्लबमध्ये रात्री वाजवतात, शिकवण्या घेतात, सिनेमाचं पार्श्वसंगीत करतात. मिडिवल पंडित्झनी कर्ष काळे यांच्यासोबत २०१०च्या 'कार्तिक कॉलिंग कार्तिक'चं पार्श्वसंगीत केलं होतं. म्हणजे पुन्हा छबिलदासचीच तऱ्हा. पोटासाठी व्यावसायिक आणि जिवासाठी प्रायोगिक. फरक इतकाच, की तिथला प्रयोग पडदा पडला की संपायचा. इथला मुद्रित होऊन राहतो.

यात अडचणी कमी नाहीत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर कायद्यानं बंधन. हौशीनं सुरू केलेल्या जागा वर्ष-दोन वर्षांत भाड्याच्या बोज्याखाली मिटतात. लेबल चालवणारा बहुधा स्वतःच संगीतकार, स्वतःच हिशेबनीस आणि स्वतःच हमाल. तो थकला की लेबल थांबतं. दिल्लीचे दगडी किल्लेसुद्धा एका-दोन पिढ्यांत ओस पडले, तिथं या बिनभिंतीच्या किल्ल्यांची काय कथा! पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनं आहे. एकदा प्रसिद्ध झालेलं संगीत कुणा ना कुणाकडे पोचतं. आणि आपण पाहिलंच, एका दुकानातली एक प्रतसुद्धा पुरते.

तेव्हा पुढच्या दिल्लीवारीत एक संध्याकाळ राखून ठेवा. असले कार्यक्रम महिनाभर आधी जाहीर होत नाहीत. गॅलऱ्यांचे, कलासंस्थांचे फलक पाहावे लागतात. कार्यक्रम नाहीच मिळाला तर हौज खासच्या तलावाकाठी, मदरशाच्या पायऱ्यांवर बसून कानाला हेडफोन लावा. पहिली पाच मिनिटं 'हे काय चाललंय?' असं वाटेल. वाटू द्या. आवडलंच पाहिजे अशी कुणाची सक्ती नाही.

आणि घरी परतल्यावर जरा आपल्या मुलांच्या खोलीत डोकवा. बारावीच्या पुस्तकाआड लॅपटॉप उघडून, मान डोलावत कुणी तरी आवाजांची जुळवाजुळव करत असेल. 'हा काय गोंगाट लावलायस?' असं विचारायला जीभ वळवळेल. ते नंतर विचारा. आधी एवढंच विचारा- 'यावर नाव-तारीख घातलीयस ना? जपून ठेवलंयस ना?'